दुसरी लाइन

धान खरेदीच्या ऑफिसात तीन संगणक, एक प्रिंटर
आणि अंगठा मागणारं एक लाल डोळ्याचं यंत्र.
बाहेर पोत्यांवर माणसं बसलेली,
नंबर पुकारला की बिडी विझवून, उरलेली कानामागे ठेवून आत येतात.

डिसेंबरात तीन दिवस नेट नव्हतं.
नवेगावच्या रस्त्यावर जेसीबीने केबल उपटली.
दुर्गा उईके रजिस्टरात शाईने नावं लिहीत राहिली
आणि चौथ्या दिवशी तीच नावं
रात्री अकरापर्यंत पुन्हा मशीनला सांगत राहिली.

म्हणून मला बोलावलं. साकोलीहून, स्कूटीवर,
पाठीला लॅपटॉप, पायाशी राउटरचा खोका.

सचिव कापगते म्हणाले, दुसरी कंपनी घेतलीय हो आधीच.
दोन बिलं भरतो, दोन्ही एकदमच मरतात.
मी तार धरून चालत गेले.
शाळेच्या भिंतीपर्यंत वेगवेगळ्या, एक काळी, एक निळी.
मोहाच्या झाडाला दोघी जवळ आल्या,
पुढच्या खांबावर एकाच चिकटपट्टीने बांधलेल्या,
आणि नाल्याच्या अलीकडे एकाच खड्ड्यात उतरलेल्या.
माझ्या दोन काकांचं असंच.
चुली वेगळ्या, विहीर एक,
ती आटली की दोघंही बादली घेऊन माझ्या बापाच्या दारात.

मग छत. शिडी धरायला शिपाई, दयाराम वलथरे.
"पडू नोका बाई, अँब्युलन्सबी आता नेटवरूनच येते."
मोबाइल पुढे धरून चारी कोपरे फिरले.
उत्तरेला राइस मिलचं धुराडं आडवं,
कबुतरांच्या बाजूला दोन कांड्या,
पाण्याच्या टाकीवर चढले तर चार.
तिथेच अँटेना ठोकला. सिम तिसऱ्या कंपनीचं,
टॉवर तलावापलीकडचा,
जेसीबीचा हात पोचत नाही अशा वाटेने येणारा.

खाली येऊन राउटरला समजावलं:
आधी तार. तिला दर पाच सेकंदांनी हाक मार.
तीन हाकांना ओ आली नाही तर सिमकडे वळ.
ती परत आली म्हणून लगेच धावू नकोस,
दोन मिनिटं थांब, टिकते का बघ.
सिमवर असताना फक्त अंगठे आणि ओटीपी,
अपडेट नाही, पिक्चर नाही,
कापगत्यांच्या नातवाचं कार्टून तर नाहीच.
(मी विशीत असताना
मला कुणी हे सगळं एवढ्या सोप्या ओळींत सांगायला हवं होतं.)

गर्दी भरात असताना मी तार उपसली. कुणाला न सांगता.
लॅपटॉपवर लाल ओळी. चौदा. पंधरा.
दुर्गाने फडक्याने यंत्राची काच पुसली.
एक म्हातारी अंगठा पदराला घासत उभी,
रेषा झिजल्यात म्हणून दरवेळी तिला तीनदा टेकवावा लागतो.
सोळा. सतरा.
तिने टेकवला तेव्हा ओळी हिरव्या झाल्या होत्या.
पावती सरसरत बाहेर आली.
कुणी वर पाहिलं नाही.

संध्याकाळी कापगते रिचार्जवर अडले.
"महिनाभर वापरलंच नाही तं पैसे कायचे?"
मी तोंड उघडायच्या आत दयाराम दारातून,
"तलावाले सलांग कायले ठेवली हो बुढ्यानं?
धा-धा वर्सं कोरडी रायते.
म्हनून आपून तिथं धान लावतो का?"
तलाव कापगत्यांच्याच पणज्याने बांधलेला, असं म्हणतात.
ते काही बोलले नाहीत. खिसा चाचपला,
मग दुसरा खिसा.

परतताना पाळीवर अंधार पडत होता,
सलांगीच्या दगडांत बकऱ्या चरत होत्या.
फोन थरथरला. राउटरचा निरोप: तार गेली.
सतरा सेकंदांनी दुसरा: सिमवर आहे.
स्कूटी बाजूला घेऊन मी थांबले,
आता दुर्गाचा फोन येईल, नाहीतर कापगत्यांचा.
बराच वेळ थांबले.
एक बकरी दगडावर चढली, माझ्याकडे बघून उतरली.